शेवटचं कडवं मामाचं

“केव्हा गेली वो म्हातारी? रातीच, का पहाटे?”

ओसरीवरून शेजारच्या काकूंचा दबका आवाज आला. मी आतल्या खोलीत केस विंचरत होते. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते आणि माझं लग्न त्याच आठवड्यात होतं.

“कोन गेली?” आईने विचारलं.

“आवो, तुमच्या आत्याबाई. पहाटीच गळा काढला ना कोनीतरी. माह्या अंगावर काटाच आला. म्हटलं, आपली चूल मंग पेटवू, आधी यायच्याकडं दोन भाकरी नेऊ.”

कोपऱ्यातल्या बाजेवर बाबांच्या आत्या निजलेल्या असत. त्यांच्या जाण्याची तयारी आमच्या गल्लीने मनातल्या मनात कधीच करून ठेवली होती. त्या उठून बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, “कोन गेलं वं? मले कोनी सांगतलंच नाही.”

काकूंच्या हातात फडक्याने झाकलेली टोपली होती. ज्या घरात मयत होते त्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकर आणून देतात, ही आमच्याकडची रीत. लग्नघरात त्या सकाळी तशा तीन टोपल्या आल्या. तिसऱ्या घरच्या बाईने तर दारातूनच डोळ्याला पदर लावला होता. आत्याबाई जिवंत दिसल्या तेव्हा तो पदर कुठे न्यावा हे तिला कळेना.

गळा काढणारे माझे मामा होते.

ते आदल्या दिवशीच जर्मनीहून आले होते. पहाटे उठून ते परसातल्या विहिरीपाशी गेले आणि रोजच्यासारखा आवाज तापवायला लागले. खालच्या सुरापासून निघायचं, तोंड पूर्ण उघडून “आ” धरून वर चढायचं, वर थोडं थांबायचं आणि पायरी-पायरीने उतरायचं. मग पुन्हा, थोडं वरून. गवई पहाटे रियाज करतो हे बुलढाण्यात कुणाला नवीन नव्हतं. पण त्याच्या मांडीशी तंबोरा असतो, तो बसून गातो, आणि त्याचा आवाज चार घरांच्या पलीकडे जात नाही. मामा उभे होते. त्यांचा आवाज देवीच्या देवळापर्यंत गेला असावा. असा उघडा, छातीतून निघालेला आवाज आमच्या लोकांनी एकाच प्रसंगी ऐकलेला होता.

ते ओल्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून आत आले आणि टोपल्या पाहून लहान पोरासारखे हरखले.

“पिठलं? अन् ज्वारीची भाकर? कोनं धाडली?”

आईने सांगितलं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून ठेवला. मग खाली बसले आणि एका भाकरीचा तुकडा मोडला.

“भाऊ, नको रे खाऊ, थे मयतीचं हाये.”

“मयत कुठं झाली पन? आन्न वाया घालवाचं काय? किती वर्सांनं पाह्यलं मी पिठलं.”

“माह्या नावाचं हाये थे,” आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या. “मले बी वाढा.”

त्या दोघांनी ओसरीत बसून, शेजारणींच्या देखत, ते खाल्लं. आई आधी हसली, मग भिंतीला टेकून बसून राहिली. मी दाराआड उभी होते. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात ते मला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं.

मामा देऊळघाटचे. भाजीपाल्याचा मळा, दोन विहिरी, आई थोरली आणि हे धाकटे. मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाळी द्यायची तर ती मामांनीच द्यायची, असं आई सांगायची. त्यांच्या हाळीने बैल थांबत आणि शेजारच्या शिवारातली माणसंही थांबत. ते नागपूरला शेतकी शिकायला गेले. तिथे एका इंग्रज प्राध्यापकाच्या बायकोने त्यांना मैदानापलीकडच्या मित्राला हाक मारताना ऐकलं, आणि कोण ओरडतो ते पाहायला घरातून पियानो सोडून बाहेर आली. पुढचं सगळं त्या बाईंनी केलं. दोन वर्षं विलायती गाणं शिकवलं, मग इटलीला धाडलं. आजोबांना वाटत राहिलं, मुलगा ऊस शिकायला गेलाय.

इटलीहून ते जर्मनीत गेले. तिथे लहान लहान गावांनाही ऑपेराचं, म्हणजे सबंध गाऊन करायच्या नाटकाचं, स्वतःचं नाट्यगृह असतं आणि तिथे गायकाला हंगामभर नोकरीला ठेवतात. असा एक हंगाम इथे, दोन तिथे, असं करत ते मोठ्या शहरांत पोचले. व्हिएन्नात गायले, लंडनला गायले, एकदा मिलानमध्ये आजारी गायकाच्या जागी आयत्या वेळी उभे राहिले. हे मला माहीत होतं, कारण मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये होते आणि ते मला इंग्रजीत पत्रं लिहीत. त्यांचा आवाज बॅरिटोन. म्हणजे पुरुषाचा मधला आवाज, फार उंच नाही, फार खोल नाही. त्यांनी एकदा लिहिलं होतं की उंच आवाजाचा माणूस प्रेम करतो, खोल आवाजाचा देव किंवा राजा होतो, आणि मधल्या आवाजाच्या वाट्याला बाप, मित्र, तुरुंगाधिकारी आणि खुनी येतात.

बोर्डिंगमध्ये ही गोष्ट मी मुद्दाम सांगत असे. सिस्टर लोकांकडे ग्रामोफोन होता. तसलं गाणं लागलं की मुली माझ्याकडे वळून पाहत, आणि मला न बोलता मान मिळे. सुटीत बुलढाण्याला आले की तीच गोष्ट माझ्या तोंडाला कुलूप घाली. घरी सगळ्यांना सांगितलेलं होतं, मामा जर्मनीत नोकरीला आहेत. खोटं नव्हतं ते. कसली नोकरी, असं कुणी विचारलं की बाबा पानाचा डबा पुढे सरकवत.

एक मात्र होतं. देऊळघाटच्या आमच्या माणसांत मंगलाष्टकांतलं शेवटचं कडवं मुलीचा मामा म्हणतो. स्वतः रचायचं, नाही जमलं तर कुणाकडून रचून घ्यायचं, पण म्हणायचं मामानेच. ते झाल्याशिवाय अंतरपाट निघत नाही. मामा त्यासाठी आले होते. तिकडे त्यांना पहिल्यांदाच मुख्य भूमिका मिळाली होती. ज्याच्या नावाने ते नाटक ओळखलं जातं, ती. ती सोडून ते बोटीत बसले होते. कडवं त्यांनी बोटीवर रचलं होतं.

टोपल्यांची गोष्ट शेगावला पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. माझं सासर शेगावचं. मुलगा सरकारी बांधकाम खात्यात होता आणि त्याचे काका देवळाजवळ लॉज चालवत. हे काकाच मोटारीने आले. हातात महाराजांचा प्रसाद होता, त्यामुळे भांडायला आलेत असं म्हणता येईना. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, चहाची बशी फुंकली, आणि मग बोलले.

“लग्नघरात पिठलं-भाकर आली म्हनते.”

“गैरसमज झाला हो लोकांचा,” बाबा म्हणाले.

“गैरसमजच. पन थो शेगावपावतर आला ना. मोटारीनं आला, माह्या आधी.” ते हसले. बाबाही हसले, पण उशिरा. “तुमचे साळे काय करते तिकडं?”

“नोकरी.”

“कायची?”

मी आतल्या दाराशी होते. बाबांनी पानाचा डबा पुढे सरकवला. काकांनी तो घेतला नाही. तेवढ्यात मामा बाहेरून आले. चपला काढता काढता त्यांनी प्रश्न ऐकला असावा.

“गातो,” ते म्हणाले. “नाटकात गातो.”

“म्हंजे तोंडाले रंग लावून?”

“लावा लागते. लांबच्या मानसाले डोये दिसत नाही ना.”

“अन् काय बनता तुम्ही त्याच्यात? राजा?”

“राजा कवामवा. जास्ती करून पोरीचा बाप.”

“अस्सं.” काकांनी मान हलवली. “अन् घरी? लेकरंबाळं?”

“नाही. लगन केलं नाही.”

“म्हंजे बापाचं काम नाटकातच.”

कुणी हसलं नाही. काकांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पुढचं भराभर उरकलं. त्यांचं स्वतःचं काही म्हणणं नव्हतं. पण मुलाच्या आईच्या मनात पाल चुकचुकली होती. लग्नाच्या तोंडावर मुलीच्या घरात रडणं ऐकू आलं, मयतीची भाकर आली, आणि ती मुलीच्या सख्ख्या मामाने खाल्लीसुद्धा. तेव्हा मामाने मुलीला मांडवात आणावं, मागे उभं राहावं, याला ना नाही. पण मंगलाष्टकं सगळी भटजी म्हणतील. “यायनं त्या टायमाले तोंड उघडू नये. येवढीच गोष्ट हाये. नाही तं वहिनी मांडवात याले तयार नाही.”

पत्रिका वाटून झाल्या होत्या. बाबांनी मामांकडे पाहिलं. मामांनी चपलांकडे.

“ठीक आहे,” बाबा म्हणाले.

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण तसंच वाटलं. मी त्या सकाळपासून एकच चित्र पाहून घाबरत होते: भर मांडवात मामा तोंड उघडतात, तो आवाज निघतो, आणि शेगावची माणसं एकमेकांकडे बघून पदराआड, टोपीआड हसतात. ते आता होणार नव्हतं. कुणीतरी दुसऱ्यानेच ते थांबवलं होतं. मी आत जाऊन उगाच घडी केलेल्या साड्यांची पुन्हा घडी केली.

संध्याकाळी मामा विहिरीच्या काठावर बसले होते. मी पाणी आणायचं निमित्त करून गेले. मला त्यांच्याशी इंग्रजीत बोलणं सोपं जाई, पण ते मात्र इथे आल्यापासून इंग्रजीचा एक शब्द बोलत नव्हते. इतकी वर्षं मराठी बोलायला कुणी मिळालं नव्हतं, म्हणून त्यांची देऊळघाटची बोली नेली तशीच परत आली होती. बोर्डिंगने माझी मात्र पार धुऊन टाकली होती.

“बस वं,” ते म्हणाले.

मी बसले. घागर काठावर ठेवली. मग विचारलं, “तुम्हाला तिकडे कधी कुणी हसलं का?”

“हसलं म्हंजे! पहिल्याच हंगामात. मी त्यायच्या कोन्या उत्तरेकडच्या सरदाराचं काम करून राह्यलो व्हतो. डोक्शावर पिवळे केस. मी भाईर आलो, अन् वरच्या सज्ज्यातून एक जन खो-खो हसला. मंग सगळेच.”

“मग?”

“मंग काय? वाजवनाऱ्यायनं वाजवत वाजवत माह्या गान्यापावतर आनून सोडलं व्हतं. गायलो.” ते हसले. “घरी जाऊन रडलो, थे वेगळं.”

रहाटाला पोहरा लटकत होता. त्यांनी तो हाताने थांबवला.

“तुही माय मले एक डाव बी आयकली नाही,” ते म्हणाले. “मळ्यातली हाळी आयकली, थे वेगळं. थे काही गानं नव्हतं. कुठ्‌कुठच्या लोकायनं आयकलं मले. पैसे देऊन आयकलं, आंगावर कोट घालून आयकलं. बहिनीनं नाही आयकलं. म्हटलं, तुह्या लग्नात म्हनीन, तवा आयकीन थे. आता मी पुन्हा केव्हा येतो? आवाज बी काही जलमभर पुरत नाही.”

मी घागर उगाच सरळ केली.

“तुले काय वाटते? तू नवरी हायेस. म्हनू, का नको?”

त्यांनी हे अगदी सरळ विचारलं. मुलीच्या मनात नसेल तर आपणही नको, एवढंच त्यात होतं. मी खाली विहिरीत पाहत राहिले. पाण्यात आमची दोघांची डोकी होती. मला म्हणायचं होतं, “म्हणा.” आणि त्याच वेळी वाटत होतं, त्यांनीच नको म्हणावं. बोर्डिंगमध्ये सिस्टरने प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी अशीच खाली पाही, घंटा होईपर्यंत. इथे घंटा नव्हती.

“राहू दे,” मामा म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले.

त्यांचा तो हात मला रात्रभर डोक्यावर जाणवत राहिला. रागाचा असता तर बरा असता.

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवरचा आवाज बंद झाला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पाव्हन्याले बरं नाही वाटते. आईला कुणी काही नीट सांगितलं नव्हतं. मामांनी तिला एवढंच सांगितलं की भटजी सगळं म्हणणार आहेत. ती म्हणाली, “मंग तू कायले आला इतक्या लांबून?” आणि मग स्वतःच घाईने, “आला थे बरं केलं,” असं म्हणून चुलीकडे वळली.

गोरज मुहूर्त होता. मामा धोतर आणि काळा कोट घालून मला मांडवात घेऊन आले. पाटावर उभं केलं आणि मागे उभे राहिले. समोर अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. अंतरपाटाखाली मला नवऱ्या मुलाची पावलं तेवढी दिसत होती. अंगठा सारखा हलत होता, म्हणजे तोही घाबरलेला होता. लाऊडस्पीकर खरखरत होता. भटजींनी एकामागून एक कडवी म्हटली, लोकांनी प्रत्येक “सावधान”ला अक्षता टाकल्या, त्या माझ्या मानेवरून आत गेल्या.

भटजी आमच्या गावचे. वयाने फार म्हातारे. करार बैठकीत झाला होता, तो त्यांना कुणी सांगितलाच नव्हता, किंवा सांगितला असेल तर त्यांना ऐकू आला नव्हता. शेवटच्या कडव्याशी ते थांबले आणि नेहमीच्या सवयीने म्हणाले, “आता मुलीचे मामा. या, म्हणा लवकर. वेळ होते.”

 देऊळघाटची माणसं पुढे सरकली. शेगावचे काका माइकपाशी उभे होते. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही. फक्त माइकचा दांडा उचलून हातभर लांब ठेवला, आणि मामांकडे पाहिलं.

मामांनी म्हटलं. पण कसं? तालमीत आवाज राखून गातात तसं, ओठांतल्या ओठांत, माझ्या कानामागे. मला शब्द न शब्द कळला. त्यात मळा होता, विहीर होती, बहिणीच्या हातची भाकर होती, परक्या घरी जाणारी लेक होती. चाल नेहमीचीच, पण तिच्या तळाशी दुसरं काही दाबून धरलेलं होतं. भरलेल्या बैलगाडीला उतारावर मागून धरतात तसं. त्यांचा श्वास मुंडावळ्यांना लागत होता. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस माझ्यासाठी एवढा लहान झाला होता. पुढे सरकलेली देऊळघाटची माणसं कानाला हात लावून उभी होती. त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. काकांचा चेहरा सैल झाला.

आणि आई तिथे नव्हतीच. मुलीच्या आईने मंगलाष्टकांच्या वेळी मांडवात थांबायचं नाही, तिने तुळशीपाशी बसायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. मला ती माहीत होती, पण तिचा अर्थ त्या क्षणी लक्षात आला. आई घराच्या मागे परसात, तुळशीवर पाण्याची धार धरून बसली होती. मध्ये सगळं घर होतं, माणसांनी भरलेलं. निदान माइक जवळ असता तरी कदाचित पोचलं असतं. असं, कानाशी, कधीच पोचणार नव्हतं.

कडवं संपलं. भटजींनी अंतरपाट धरणाऱ्यांना खूण केली. लोकांच्या मुठी अक्षतांसाठी वर झाल्या.  नवरीने या वेळी मान वर करायची नसते, बोलायचं तर मुळीच नसतं. माझ्या सासूबाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या आणि त्यांचं माझ्याकडे बारीक लक्ष होतं.  मी मागे वळले आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“मामा, आईला ऐकू गेलं नाही. परत म्हणा.”